तापकीर साहेब आणि बोराटे मॅडम

आमच्या कॉलेजात हल्ली माणूस आकड्यावरून ओळखतात. पूर्वी लोक विचारायचे, सर काय शिकवतात, पोरांना कळतं का, वर्गात गोंधळ होतो का. आता विचारतात, एच-इंडेक्स किती? हा आकडा काढून द्यायचं काम माझ्याकडं आहे, म्हणून माझा त्याच्यावर राग जरा जास्तच. मी विलास. मोशीच्या पुढं, हायवेला लागून असलेल्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात ग्रंथपाल आहे, राहायला काळेवाडीत. पुस्तकं द्यायची-घ्यायची, पोरांना गप्प बसवायचं, एवढ्यासाठी मी या नोकरीत आलो होतो. आता प्राध्यापकांची वजनं करत बसतो.

वजन करायची रीत अशी. तुमचा शोधनिबंध, म्हणजे आमच्या भाषेत पेपर, दुसऱ्या कुणी आपल्या पेपरात आधाराला घेतला की ते झालं एक सायटेशन. जगभरातल्या पेपरांच्या नोंदी ठेवणारे मोठे डेटाबेस असतात, ते ही सायटेशनं मोजत बसतात. तुमच्या सहा पेपरांना प्रत्येकी निदान सहा सायटेशनं असली तर तुमचा आकडा सहा. सहा पोरं आणि प्रत्येकाला निदान सहा मित्र, असं समजा. एखाद्या पोराला साठ मित्र असले म्हणून त्याचं वेगळं कौतुक होत नाही. आणि स्वतःच स्वतःला आधाराला घेतलं असेल तर ते वजा. आता हे सगळं बरोबर की चूक, यावर मी बोललो तर दिवस पुरणार नाही, आणि मला कुणी विचारतही नाही.

तर निशिगंधा बोराटे मॅडम. सिव्हिल विभागात आहेत. पस्तिशी ओलांडलेली बाई, स्कूटीवरून येते, आल्याबरोबर हेल्मेट काढून आधी लायब्ररीत डोकावते आणि माझ्या टेबलावरच्या पेल्यात निशिगंधाच्या दोन काड्या ठेवून जाते. सासरी मळा आहे, म्हणजे मळ्याचा एक तुकडा उरलाय. बाकीच्या जमिनीवर बिल्डिंगी उभ्या राहिल्या. मॅडमच्या केबिनमध्ये गेलात तर मात्र फुलंबिलं दिसायची नाहीत. तिथं खिडकीत बरण्या आहेत, आणि बरण्यांत काळी वाळू.

ही वाळू म्हणजे मॅडमचा जन्माचा विषय. आपल्या या पट्ट्यात ओतकामाचे कारखाने पुष्कळ. लोखंड ओतायचं तर साचा वाळूचा लागतो, आणि तीच वाळू पुनःपुन्हा वापरली की जळून काळी पडते. मग ती टाकायची कुठं? मॅडमचं माहेर चऱ्होलीचं. त्या लहान असताना कुणीतरी रातोरात त्यांच्या वडिलांच्या, बाळाजी तापकीरांच्या, बांधाला या वाळूचे ट्रक रिकामे केले. कुणी केले ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्या पट्ट्यात पुढं कधी धड गवत उगवलं नाही. मुलगी इंजिनिअर झाली तेव्हा वडील म्हणाले होते, "एवढी शिकलीस तर आता ह्या काळ्या वाळूचं काय तरी कर." आणि मुलीनं खरंच केलं. ती वाळू सिमेंटमध्ये कालवून फुटपाथचे ब्लॉक करायचे, ते किती टिकतात, पावसात त्यातून विषारी काही झिरपतं का, हे सगळं तिनं तपासलं. अजूनही तपासते आहे. पोरं तिला मागून ब्लॉकवाली मॅडम म्हणतात. तिला ते ठाऊक आहे, आणि आवडतंसुद्धा.

आता आमचे विभागप्रमुख. दोन-तीन वर्षांमागं बाहेरून आलेले. माणूस वाईट नाही, पण समोर कुणीही असलं तरी त्यांना ते पहिल्या वर्षाचं पोर वाटतं. मॅडम काही बोलल्या की ते म्हणायचे, "बोराटे मॅडम, तापकीर वाचा. या विषयाचा पाया त्या माणसानं घातलाय." मीटिंगमध्ये हे मी स्वतः ऐकलंय. मॅडम वहीत बघायच्या आणि म्हणायच्या, "वाचते सर."

गेल्या वर्षी सहयोगी प्राध्यापकाची एक जागा निघाली. बाहेरून माणूस आणण्यापेक्षा आतलाच घ्यायचा ठरलं, आणि मॅडम त्या जागेच्या सर्वांत जवळ होत्या. जागा मिळाली असती तर त्यांना स्वतःची प्रयोगशाळा मिळणार होती, हाताखाली संशोधन करणारी मुलं मिळणार होती. एका कोपऱ्यात उसन्या मशीनवर ब्लॉक फोडत बसण्याचे दिवस संपणार होते. अट एकच अडचणीची होती. एच-इंडेक्स सहा पाहिजे, तोही स्वतःचे उल्लेख वगळून. मॅडमचा मी काढला तर तो आला चार.

कागद हातात देताना मलाच वाईट वाटलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "मॅडम, तुमच्याच विषयातले ते तापकीर टी. बी. आहेत ना, त्यांच्या एकेका पेपराला बघा काय मागणी आहे. एकाला तर साठाच्या वर सायटेशनं. त्यांना गाठा. एखादा पेपर त्यांच्याबरोबर लिहिला तरी तुमचं नाव होईल. कुठं असतात ते?"

मॅडम हसायला लागल्या. आधी ओठांतल्या ओठांत, मग खुर्चीला धरून. डोळ्यांत पाणी आलं, ओढणीनं पुसलं, पुन्हा हसल्या. मला वाटलं आकडा बघून बाईचं डोकं फिरलं.

"इथंच असतात, विलासभाऊ," त्या म्हणाल्या. "तुमच्या समोर बसल्यात."

मग सगळं उलगडलं. लग्नाआधीच्या त्या तेजल बाळाजी तापकीर. तीन पेपर त्या नावावर, तिन्ही गाजलेले. पुढं मोशीच्या गोरक्ष बोराटेंशी लग्न झालं, ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं नवं नाव लिहिलं, आणि तेजल तापकीरची निशिगंधा बोराटे झाली. नाव, बापाचं नाव, आडनाव, तिन्ही बदलली. आपल्याला त्यात काही विशेष वाटत नाही, घरोघरी होतं. पण डेटाबेस कुठल्या लग्नाला जेवायला येतो? त्याच्या लेखी तापकीर नावाचा कुणी विद्वान तीन पेपर लिहून गायब झाला, आणि काही दिवसांनी बोराटे नावाची दुसरीच बाई त्याच विषयात धडपडायला लागली.

"एकदा तर मजाच झाली," मॅडम म्हणाल्या. "माझा पेपर परत आला. तपासणाऱ्यानं लिहिलं होतं, लेखिकेला तापकीर यांचं काम नीट समजलेलं दिसत नाही."

"मग तुम्ही काय केलंत?"

"तापकीर पुन्हा वाचले," त्या म्हणाल्या. "आणि खरं सांगू, एक चूक सापडली. ती दुरुस्त केली."

मी हसलो, पण माझे हात कीबोर्डवर गेले होते. दोन्ही नावांचे पेपर एकत्र मांडून बघितले. नेहमी ही साधी बेरीज नसते, पण इथं चार आणि तीन मिळून सात येत होते. मॅडमनी तापकीरांचे जे उल्लेख केले होते ते आता स्वतःचेच ठरून वजा होणार. ते काढले तरी सहा उरत होते. बरोबर सहा! मी टेबलावर हात आपटला. समोर बसलेली पोरं दचकली, आणि मला स्वतःलाच शांतता राखा म्हणायची वेळ आली.

"मॅडम, दोन्ही प्रोफाइल जोडायला अर्ज करायचा. नाव बदलल्याचा कागद लागतो, तो तुमच्या नोकरीच्या फाइलीत आहेच. आत्ता करू."

मॅडमचं हसू गेलं. "नको," त्या म्हणाल्या.

"नको म्हणजे?"

"ते तिन्ही पेपर राहू द्या तिकडं. आहे ते ठीक आहे." आणि हेल्मेट उचलून निघून गेल्या.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी नावाच्या बाबतीत जरा हळवा माणूस आहे, त्याला कारण आहे. माझ्या आजोबांना गावानं एक नाव दिलं होतं. ते मी इथं लिहिणार नाही, कारण ते नाव नव्हतं, रोजचा अपमान होता. शहरात कामाला आल्यावर आजोबांनी ते टाकून दिलं आणि मुलाचं नाव ठेवलं बुद्धरत्न. माझे वडील कंपनीत रोज गेटवर बिल्ला दाखवताना ते नाव स्वतः मोठ्यानं म्हणायचे. गेटवरच्या माणसाला वाचता येत होतं, तरी म्हणायचे. नाव मिळवायला काय मोजावं लागतं हे आमच्या घरात कुणी शिकवावं लागत नाही. आणि ही बाई स्वतःच्या नावावरचं काम, अर्धी बुद्धी, अर्धं तारुण्य, रस्त्यावर सोडून चालली होती. मी पुढचे काही दिवस तिच्याशी धड बोललो नाही. तिनं मात्र पेल्यात फुलं ठेवणं सोडलं नाही.

मी मनाशी धरून चाललो होतो की सासरचा जाच असणार. दुसरं काय असतं? नवऱ्याला सुनवायचं, एवढं ठरवून टाकलं. पौर्णिमा आली. आमच्या विहारात पौर्णिमेला पांढरी फुलं लागतात. नेहमी आई, म्हणजे भिमाबाई, पिंपरीच्या बाजारातून आणते. त्या सकाळी मी म्हणालो, राहू दे, मी मोशीला जाऊन मळ्यातनंच आणतो. आईनं माझ्याकडं नीट बघितलं. "फुलं आणायला चाललास का भांडायला?" म्हणाली. तिला माझा चेहरा कळतो.

मळा शोधायला वेळ लागला. चारी बाजूंनी बिल्डिंगी, मध्ये निशिगंधाचा हिरवा तुकडा, एक बोअर, आणि जुनं बैठं घर. मॅडम माहेरी गेल्या होत्या. गोरक्ष बोराटे नुकतेच शिफ्ट करून आले होते, अंगात अजून कंपनीचा शर्ट. कडेला त्यांची आई, सारजाबाई, खाली बसून काड्या कापत होत्या. मी फुलांचं सांगितलं. सारजाबाई काड्या मोजून ठेवायला लागल्या तसा मी गोरक्षना बोअरजवळ बाजूला घेतलं आणि जेवढं मनात साठलं होतं तेवढं बोललो. बायकोचं नाव पुसणारी ही कसली रीत, असंही बोललो.

गोरक्ष शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "भाऊ, तुमी बोलताय ते खरंय. पण तुमाला अर्धंच ठावं हाय."

त्यांना एक बहीण होती, पाठची. सातवीत असताना तिला कावीळ झाली. झाडपाल्याचं औषध दिलं, उतारे झाले, दवाखान्यात न्यायला उशीर झाला. ती गेली. तिचं नाव तेजल.

"आई रोज सांजचं हितनं मळ्यातनं हाक मारायची," गोरक्ष म्हणाले. "तेजल, दूध बघ गं. रोज. ती गेल्यावर आमच्या घरात ते नाव कुणी काढलं न्हाई. मग माझं स्थळ जमलं, तर पोरीचं नाव तेजल. आईला पोरगी लय पसंत पडली, पन म्हणली, माझ्या तोंडातनं ही हाक यायची न्हाई. लग्न मोडायच्याच बेताला आलं राव. तवा हिनंच निरोप धाडला, नाव बदला म्हणून. नवं नाव बी हिनंच निवडलं. बघायला आली व्हती तवा हा मळा फुलला व्हता."

"आणि पेपर?"

"लग्नाच्या दिवशी आईच्या पाया पडताना म्हणली, आई, माझं नाव तुमच्या तेजलपाशी ठेवते. परत मागायची न्हाई. आता ती नावं जोडायची म्हंजी मागून घेतल्यासारखंच की. मी म्हणलं, आईला कुठं कळतंय ते कॉम्प्युटरमधलं? तर म्हणली, मला कळंल ना."

मी कुणीतरी तोंडात मारल्यासारखा उभा राहिलो. सासरचा जाच शोधायला आलो होतो. इथं कुणी कुणाला छळलेलंच नव्हतं. एका बाईनं दुसरीला जपलं होतं, आणि त्या जपण्यात तिचं अर्धं काम हरवलं होतं. मला तिची फार माया वाटली, आणि तेवढाच रागही आला; कारण आता कुणावर ओरडावं तेच कळेना.

फुलं घ्यायला वळलो तर सारजाबाई माझ्याकडंच बघत होत्या. म्हातारीची नजर तीक्ष्ण.

"तुमी कालिजातलं ना? सुनबाईचं काय अडलंय?"

"काही नाही, आजी."

"खोटं नगा बोलू. महिना झाला तिला जेवान जात न्हाई."

मी गोरक्षकडं बघितलं, ते बोअरच्या पाइपाकडं बघायला लागले. शेवटी मी म्हणालो, "आजी, त्यांना मोठी जागा मिळायची आहे. पण त्यांचं अर्धं काम दुसऱ्या नावावर पडलंय. ते धरत नाहीत."

"कुनाच्या नावावर?"

मी गप्प बसलो. खोटं बोलायचं असतं तर तेवढ्या वेळात बोलता आलं असतं. सारजाबाईंच्या हातातली कात्री थांबली. त्यांना कळलं. त्यांनी फुलांच्या जुड्या वर्तमानपत्रात बांधल्या, माझ्या हातात दिल्या, आणि घरात गेल्या. मी विहारात जाऊन फुलं ठेवली. घातलीस ना आग, असं मनात म्हणत होतो.

त्याच आठवड्यात गेटवरच्या वॉचमनचा फोन आला. एक आजी बसनं आल्यात, नेसूचं नऊवारी, विलासला भेटायचंय म्हणतात, आत सोडू का? मी धावतच गेलो. सारजाबाईंनी इस्त्रीचं लुगडं नेसलं होतं आणि चपला हातात घेतल्या होत्या. लायब्ररीत चपला घालून यायचं नसतं असं त्यांना वाटलं होतं. मी त्यांना माझ्या शेजारी खुर्ची दिली, पाणी दिलं. पाणी त्यांनी बाजूला ठेवलं.

"कुठं हाय ते? दाव."

मी तापकीरांचं पान उघडलं; याद्यांत नुसतं टी. बी. असतं, पूर्ण नाव आत दिसतं. सगळं इंग्रजीत. मी बोट ठेवून दाखवलं. "इथं. तापकीर, तेजल बाळाजी."

"नुसतं नाव वाच."

"तेजल."

त्यांनी बोट पुढं करून पडद्यावर त्या अक्षरांना लावलं, मग पुसायला नको म्हणून पटकन मागं घेतलं. "आनि हे खालचं?"

ते खालचं म्हणजे त्या पेपरांना ज्यांनी ज्यांनी आधाराला घेतलं त्यांची नावं. मी वाचत गेलो. ब्राझीलचे आहेत आजी, हे तुर्कस्तानचे, हे व्हिएतनामचे, हे आपल्या कोइम्बतूरचे. अजून येतायत, गेल्या महिन्यातसुद्धा आलं एक. सारजाबाई ऐकत होत्या. कोइम्बतूर सोडलं तर त्यांना एकही गाव माहीत नसावं, आणि तेही बहुधा नसेलच.

"ह्या समद्यांनी तिचं नाव घेतलंय?"

"हो, आजी."

"परमुलखातली मानसं," त्या म्हणाल्या, "आनि आमी घरात घीना." आणि पदर तोंडाला लावून रडल्या. माझ्या लायब्ररीत मोठ्यानं बोलायला बंदी आहे. मी कुणालाही गप्प केलं नाही. पोरं उठून हळूच बाहेर गेली.

मी मॅडमना बोलावणं धाडलं. त्या हातात खडू तसाच घेऊन धावत आल्या, सासूला बघून दारातच थबकल्या. मग माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की पुस्तकांच्या कपाटामागं जाता आलं असतं तर मी गेलो असतो.

"आई, तुम्ही इथं? एकट्या?"

"बस," सारजाबाई म्हणाल्या. "म्या तुला नाव बदलाय सांगितलं व्हतं. काम टाकाय सांगितलं व्हतं का?"

"आई, मी तुम्हाला शब्द दिला होता."

"दिला व्हतास. ठेव म्हणून दिलं व्हतंस ना नाव? म्या सांभाळलं. आता तुजं तू घे. ठेव म्हंजी काय गिळायची असती का?"

मॅडम खाली बघून रडत होत्या. "मला नकोय ते, आई. तुम्हाला त्रास होतो."

"व्हतो," सारजाबाई म्हणाल्या. "व्हनारच. पन माझी पोरगी सातवी बी पुरी शिकली न्हाई. तिच्या नावाची एक बाई एवढी शिकली, दुनियाभर तिचं वाचत्यात, आनि म्या ते झाकून ठेवलं व्हय? देवाच्या दारात गेल्यावर तिला काय सांगू?"

अर्ज मी तिथंच भरला. त्यात एक प्रश्न असतो, दोन नावांतलं वर कुठलं दाखवायचं. मॅडम म्हणाल्या, "निशिगंधाच ठेवा." सारजाबाई म्हणाल्या, "वर तेजल." सासू-सुनांत तिथं चांगलीच जुंपली. शेवटी मी म्हणालो की दोन्ही दिसतील, एक वर, एक खाली, आणि म्हातारीच्या मनासारखं केलं. नोकरीतली बाकी कुठलीही मारामारी मी एवढ्या आनंदानं सोडवलेली नाही. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात राहिली. जाताना सारजाबाईंनी सुनेच्या डोक्यावरनं हात फिरवला आणि "चल पोरी" म्हणाल्या. ते नाव घेऊन त्यांनी त्या दिवशी तिला एकदाही हाक मारली नाही. कागदावर लिहायला सांगणं वेगळं, आणि तोंडातनं येणं वेगळं.

डेटाबेसवाल्यांचं उत्तर यायला इतका उशीर झाला की मी रोज सकाळी चहाआधी शिव्या द्यायचो. मुलाखतीच्या आदल्या दिवशी दोन पानांचं एक पान झालं. स्वतःचे उल्लेख वगळून सहा. मुलाखतीत विभागप्रमुखांसमोर ते पान गेलं. मी बाहेर होतो, पण मॅडमनी नंतर सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि म्हणाले, "म्हणजे मी इतकी वर्षं तापकीरांना सांगत होतो की तापकीर वाचा?" आणि स्वतःच एवढे हसले की बाहेरच्या तज्ज्ञांना काय झालं ते कळेना. जागा मॅडमना मिळाली. साहेबांनी स्वतः पेढे आणले, आणि लायब्ररीत पेढे खायला बंदी असताना मला इथंच खायला लावले.

मी मात्र आकड्याला श्रेय द्यायला तयार नाही. तो चार होता तेव्हाही बाई तीच होती आणि वाळू तीच होती.

जागा मिळाल्यानंतरच्या पौर्णिमेला मी पुन्हा फुलांना मोशीला गेलो. या वेळी आईही गाडीवर मागं बसून आली; तिला म्हातारी बघायची होती. संध्याकाळ होत आली होती. गोरक्ष कामावर होते. मॅडम आतून बाहेर आल्या, आम्हाला ओट्यावर बसवलं, आणि नव्या प्रयोगशाळेत कुठलं मशीन कुठं ठेवणार ते मला सांगायला लागल्या. हातवारे करत, भान हरपून. सारजाबाई मळ्यात काड्या कापत होत्या. माझी आई त्यांच्या शेजारी जाऊन बसली. दोघी म्हाताऱ्या काय बोलत होत्या देव जाणे.

मॅडम मला ब्लॉकचा माल हलवून घट्ट बसवणाऱ्या कंपन-टेबलाचं समजावत होत्या तेवढ्यात आतून करपल्याचा वास आला. मला आला, पण मॅडमना आला नाही. त्या बोलतच राहिल्या.

मळ्यातनं हाक आली. खणखणीत, चिडलेली, पार पलीकडच्या बिल्डिंगीतल्या गॅलऱ्यांपर्यंत जाणारी.

"तेजल! अगं तेजल! दूध उतू गेलं की गं! ध्यान कुठं हाय तुजं?"

मॅडमचे हात हवेतच राहिले. मळ्यात सारजाबाई कात्री धरून उभ्या होत्या, आपल्या तोंडून काय निघून गेलं ते त्यांनाही तेव्हाच कळलं असावं. माझ्या आईनं त्यांचा हात धरला. आत दूध चुलीवर सांडत राहिलं.

मग मॅडम उठल्या.

"आले, आई," त्या म्हणाल्या, आणि पळत आत गेल्या.